साडेदहा वर्षे उशिरा आलेले मानक : संगणक-जाळ्यांवरील सेवाशोधाचा इतिहास

(थ्रेड)

१/ फोनवर ‘प्रिंट’ दाबावे आणि यादीत प्रिंटरचे नाव आपोआप उमटावे. कुणी पत्ता टाइप केलेला नसतो, कुणा तंत्रज्ञाला बोलावलेले नसते. या सोयीचा इतिहास विचारला की बहुधा एकच कथा ऐकायला मिळते : ॲपलने ‘बाँजूर’ आणले, मायक्रोसॉफ्टची रचना मागे पडली, विषय संपला. कथा सुटसुटीत आहे, पण कागदपत्रांसमोर ती टिकत नाही. हा थ्रेड त्या कथेच्या विरोधात आहे.

२/ दोन कंपन्यांची कुस्ती म्हणून हा इतिहास वाचला की त्यातले मोठे प्रश्न निसटतात. जाळ्यावर कोणती सेवा कुठे आहे हे माहीत करून घेण्याचे ओझे कुणी वाहायचे : वापरणाऱ्याने, व्यवस्थापकाने की यंत्राने? यंत्राला नाव ठेवण्याचा अधिकार कुणाचा? आणि त्याच जाळ्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी यंत्रावर विश्वास का ठेवायचा? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९८५ मध्येच सापडले होते. दुसऱ्यासाठी जवळजवळ तीन दशके भांडण झाले. तिसरा प्रश्न मात्र बराच काळ कुणी नीट विचारलाच नाही.

३/ प्रारंभ १९८५ चा. ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. प्रत्येक मॅकिंटॉशशेजारी असा प्रिंटर ठेवणे कुणालाही परवडणारे नव्हते, म्हणजे तो वाटून वापरणे भाग होते. त्यासाठी ॲपलटॉक हे जाळे. गुरशरण सिद्धू हे या रचनेचे प्रमुख शिल्पकार.

कचेरीत जाळ्याचा व्यवस्थापक नसणार, हे गृहीत धरूनच ही रचना झाली. नवे यंत्र जोडले की ते स्वतःच एक क्रमांक निवडत असे आणि जाळ्यावर विचारत असे : हा क्रमांक कुणी घेतला आहे का? उत्तर आले नाही तर क्रमांक आपला. आले तर दुसरा निवडायचा. गावात नवखा माणूस यावा, रिकामे घर पाहून दार ठोठावावे, आतून आवाज न आल्यास बिऱ्हाड मांडावे, असा हा व्यवहार होता.

४/ याहून महत्त्वाचा भाग नावांचा. ‘नेम बाइंडिंग प्रोटोकॉल’ या नियमावलीत प्रत्येक सेवेच्या नावाचे तीन भाग असत : वस्तूचे नाव, तिचा प्रकार आणि तिचा विभाग. वापरणारा ‘चूझर’ ही खिडकी उघडे, मॅक जाळ्यावर विचारणा करी : लेझररायटर प्रकारचे कोण कोण आहे? आणि प्रिंटर आपापली नावे कळवत.

येथे एक बारकावा आहे. संगणक प्रिंटरचे नाव लक्षात ठेवत असे, क्रमांक नव्हे. दुसऱ्या दिवशी प्रिंटरचा क्रमांक बदललेला असला तरी बिघडत नसे, कारण छपाईच्या वेळी नावावरून तो पुन्हा शोधला जाई. आजच्या सर्व सेवाशोध-मानकांच्या मुळाशी हीच युक्ती आहे, आणि ती १९८५ ची आहे.

५/ दवंडीची पद्धत फुकट मात्र नसते. एका केबलवर दहा यंत्रे असली तर आरडाओरडा खपतो. शेकडो झाली की कामाच्या बोलण्याला जागा उरत नाही. नॉव्हेलच्या नेटवेअरमध्ये प्रत्येक सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपल्या सेवांची यादी पुकारत असे, आणि ही पुकार संथ दूरध्वनी-जोडण्यांवरून दुसऱ्या शहरातही जाई. व्यवस्थापक वर्गाच्या मनात या सगळ्या पद्धतींविषयी ‘बडबड्या’ अशी जी अढी बसली, तिने पुढची वीस वर्षे चर्चेवर सावली धरली.

६/ नव्वदच्या दशकात इंटरनेट जिंकले आणि त्याबरोबर इंटरनेटची सवयही आली. ती विद्यापीठे आणि मोठ्या संस्था यांच्यात घडली होती, जिथे जाळ्याला मालक असतो. पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर कुणीतरी चालवायचा, नावे सांगणारा डीएनएस सर्व्हर कुणीतरी सांभाळायचा. दोन संगणक एका केबलने जोडून बसलेल्या दोन माणसांसाठी या व्यवस्थेत जागा नव्हती. ॲपलटॉकवर जे विनासायास होत असे, ते ‘अधिक प्रगत’ जाळ्यावर होईनासे झाले. तंत्रज्ञान एकाच दिशेने पुढे जाते असे मानणाऱ्यांनी हा तुकडा जपून ठेवावा.

७/ इंटरनेटची मानके ठरवणारी संस्था आयईटीएफ. तिचे दस्तऐवज आरएफसी या नावाने प्रसिद्ध होतात. सेवाशोधावरचे तिचे पहिले ठोस उत्तर जून १९९७ मध्ये आले : ‘सर्व्हिस लोकेशन प्रोटोकॉल’, म्हणजे एसएलपी, आरएफसी २१६५. दोन वर्षांनी जून १९९९ मध्ये सुधारित दुसरी आवृत्ती, आरएफसी २६०८.

या रचनेत तीन पात्रे होती. सेवा मागणारा, सेवा देणारा आणि इच्छा असल्यास मधला नोंदणी-कारभारी. लहान जाळ्यात दवंडी चाले. मोठ्या जाळ्यात सेवा देणाऱ्याने कारभाऱ्याच्या चावडीवर नोंद करायची आणि मागणाऱ्याने तिथेच विचारायचे. कागदावर ही रचना सुंदर आहे. तिची टर उडवणाऱ्यांनी मूळ दस्तऐवज एकदा वाचावा; बडबडीच्या तक्रारीला इतके सरळ उत्तर त्या काळात दुसऱ्या कुणी दिले नव्हते.

८/ मग ती का पसरली नाही? मॅक ओएस ९ मध्ये ती होती, काही प्रिंटरांत होती, सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रणालींत ती पुढे दीर्घकाळ टिकली. घरांत मात्र ती शिरली नाही. एसएलपीला सेवेचे गुणधर्म लिहिण्याचे साचे हवे होते, शोधासाठी निर्देशिका-सेवांकडून उसनी घेतलेली प्रश्नभाषा हवी होती, संदेश खरा की खोटा हे पडताळायचे तर कुणीतरी आधीच किल्ल्या वाटलेल्या हव्या होत्या. प्रत्येक ठिकाणी ‘कुणीतरी’ आहे. घरात तो कुणीतरी नसतो.

९/ १९९९ हे या इतिहासातले गजबजलेले वर्ष. जानेवारीत सन कंपनीने जिनी जाहीरपणे सादर केले. त्यासाठी जाळ्यावर जावा चालणे आवश्यक होते आणि तेवढ्यावरच स्वस्त उपकरणांच्या जगात ते अडले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘युनिव्हर्सल प्लग अँड प्ले’, यूपीएनपी, मांडले; ऑक्टोबरमध्ये त्यासाठी उद्योगांचा मंच उभा राहिला. त्यातला शोधाचा भाग, एसएसडीपी, आयईटीएफपुढे मसुदा म्हणून आला आणि एप्रिल २००० मध्ये मुदत संपून विरला. तो कधीच आरएफसी झाला नाही. यूपीएनपीला पुढे २००८ मध्ये आयएसओकडून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, तो वेगळ्या दाराने.

१०/ त्याच वर्षी आयईटीएफमध्ये ‘झिरोकॉन्फ’ कार्यगट स्थापन झाला. एरिक गटमन आणि स्टुअर्ट चेशायर हे त्याचे सहअध्यक्ष. गटमन हे एसएलपीच्या लेखकांपैकी, म्हणजे चावडीचे पुरस्कर्ते. चेशायर ॲपलटॉकच्या परंपरेतले. दोन्ही घराणी एका गादीवर बसली होती, हे लोकप्रिय कथेत कधी येत नाही.

चेशायर यांची ओळख त्याआधी ‘बोलो’ या रणगाड्यांच्या खेळामुळे होती. हा खेळ मॅकवर जाळ्यातून अनेकजण मिळून खेळत. जाळ्यावरचा संवाद हाच खेळाचा गाभा, म्हणून नाव हिंदीतल्या ‘बोलो’वरून. एका खोलीत जमलेल्या मित्रांना एकमेकांचे संगणक दिसले पाहिजेत, ही गरज प्रबंधातून नव्हे, खेळण्यातून आलेली होती.

११/ कार्यगटापुढे चार कामे होती : सर्व्हरविना पत्ता, सर्व्हरविना नाव, सर्व्हरविना सेवाशोध आणि मल्टिकास्ट पत्त्यांचे वाटप. चौथे काम वाटेतच गळाले. पहिल्या कामाचे फलित म्हणजे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते. ॲपलटॉकचीच दार ठोठावण्याची रीत, नव्या वेषात. ती विंडोज आणि मॅकवर १९९८ च्या सुमारासच चालू होती; तिचे मानक, आरएफसी ३९२७, मात्र मे २००५ मध्ये आले. तारखांमधले हे अंतर लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

१२/ नाव आणि सेवाशोध यांसाठी चेशायर यांनी जो मार्ग धरला, त्याचे मर्म काटकसरीत आहे. नवी भाषा घडवायची नाही. डीएनएस ही नावांची भाषा जगातल्या प्रत्येक संगणकाला येतेच. तीच घ्यायची, फक्त प्रश्न ठरावीक सर्व्हरला न विचारता सगळ्या खोलीला विचारायचा. २२४.०.०.२५१ हा सामायिक पत्ता, ५३५३ हे दार. प्रिंटर कोण कोण आहेत, या प्रश्नाला प्रत्येक प्रिंटर डीएनएसच्याच नोंदींत उत्तर देतो : माझे नाव अमुक, मी तमुक यंत्रावर तमुक दाराशी आहे.

नाव घेण्यापूर्वी यंत्र पाव सेकंदाच्या अंतराने तीनदा विचारते की हे नाव कुणाचे आहे का. असल्यास आपल्या नावापुढे ‘(२)’ लावून घेते. बडबडीवरही उपाय आहे : प्रश्न विचारतानाच विचारणारा ‘मला ही उत्तरे आधीच माहीत आहेत’ अशी यादी जोडतो, त्यामुळे माहीत असलेले पुन्हा कुणी सांगत बसत नाही.

१३/ मराठी वाचकासाठी थोडे विषयांतर. या पद्धतीत सेवेचे नाव माणसांच्या भाषेत, मोकळ्या जागा आणि देवनागरीसह ठेवता येते. मर्यादा ६३ बाइटची. रोमन अक्षर एका बाइटचे, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ‘ग्रंथालयाचा प्रिंटर’ हे नाव ५५ बाइटांत बसते. ‘तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर’ ७४ होते आणि बाहेर पडते. १९८० च्या दशकात डीएनएस ठरवताना घातलेली मर्यादा आजही कुणाचे नाव किती लांब असावे हे ठरवते. उसन्या भाषेची किंमत अशीही असते.

१४/ ऑगस्ट २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ बरोबर ही रचना ‘राँदेव्हू’ या नावाने लोकांच्या हाती पडली. त्या नावावर टिब्को कंपनीचा दावा होता. २००३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, तडजोड झाली आणि २००५ पासून नाव झाले बाँजूर. ॲपलने या रचनेचा सोर्स कोड खुला केला, विंडोजसाठीही आवृत्ती दिली. लिनक्सवर ‘अवाही’ हा स्वतंत्र अवतार उभा राहिला. मादागास्करमधल्या लेमूरच्या एका कुळाचे हे नाव. प्रिंटर बनवणाऱ्यांनी ही पद्धत उचलली, ती कुणाच्या आदेशाने नव्हे. त्यांच्या मदत-केंद्रावर येणारे ‘प्रिंटर सापडत नाही’ हे फोन कमी होणार होते.

१५/ आणि इथेच मानकाची गाडी रुतली. डीएनएसचा विस्तार पाहणाऱ्या कार्यगटात त्याच कामासाठी दुसरी रचना आकार घेत होती : ‘लिंक-लोकल मल्टिकास्ट नेम रिझोल्यूशन’, म्हणजे एलएलएमएनआर. तिच्या लेखकांत मायक्रोसॉफ्टचे अभियंते होते. वरवर पाहता दोन्ही सारख्याच. फरक नावांच्या हक्कात होता.

ॲपलची रचना म्हणे : ‘डॉट लोकल’ ने संपणारी नावे खोलीपुरती, बाकीची नावे जगाची; सरहद्द आखून टाका. एलएलएमएनआर म्हणे : अशी सरहद्द नको, जगाच्या डीएनएसने उत्तर दिले नाही तर तेच नाव खोलीत विचारा.

१६/ डॉट लोकल राखून ठेवण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. एखाद्या कंपनीने जागतिक नावांच्या वृक्षातली एक फांदी स्वतःच्या उत्पादनासाठी वापरायला सुरुवात करायची आणि नंतर संस्थेने त्यावर शिक्का मारायचा, हा पायंडा धोक्याचा होता. शिवाय मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनावरून असंख्य लहान कचेऱ्यांनी आपल्या अंतर्गत जाळ्याला ‘कंपनी डॉट लोकल’ असे नाव दिलेले होते. तिथे मॅक आणला की गोंधळ उडे : हे नाव सर्व्हरला विचारायचे की खोलीला?

तरीही निवाडा करायचा झाल्यास सरहद्द आखणाऱ्यांच्या बाजूने करावा लागतो. सरहद्द नसली की चुकून टाइप केलेले कुठलेही नाव खोलीत पुकारले जाते, आणि खोलीतला कुणीही ‘तो मीच’ म्हणू शकतो. पुढे नेमके हेच घडले. एलएलएमएनआरच्या विचारणेला खोटे उत्तर देऊन पासवर्डशी निगडित माहिती हस्तगत करणे, ही कचेऱ्यांच्या विंडोज जाळ्यांवरील हल्ल्यांतली नेहमीची पहिली पायरी बनली.

१७/ एलएलएमएनआर जानेवारी २००७ मध्ये आरएफसी ४७९५ म्हणून निघाली, पण मानकाच्या वाटेवर नव्हे, केवळ माहितीपर दस्तऐवज म्हणून. चेशायर आणि मार्क क्रॉखमल यांची रचना आरएफसी ६७६२ आणि ६७६३ या क्रमांकांनी प्रसिद्ध झाली फेब्रुवारी २०१३ मध्ये. राँदेव्हू लोकांच्या हाती पडल्यानंतर साडेदहा वर्षांनी. डॉट लोकल तेव्हा कुठे अधिकृतपणे राखीव झाले.

त्याच संचात आरएफसी ६७६० आहे. विषय : ॲपलटॉकच्या नेम बाइंडिंग प्रोटोकॉलची जागा घेणाऱ्या प्रोटोकॉलकडून असलेल्या अपेक्षा. ॲपलटॉक २००९ मध्येच मॅकमधून हद्दपार झाले होते. जुने घर पाडून, नवे बांधून, त्यात दहा वर्षे नांदून झाल्यावर ‘नवे घर कसे असावे’ याचा आराखडा नगरपालिकेत दाखल व्हावा, तसा हा प्रकार.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. उद्या केवळ आरएफसींच्या तारखांवरून कुणी कालपट मांडला, तर तो सांगेल : १९९७ ला एसएलपी, २००७ ला एलएलएमएनआर, २०१३ ला बाँजूरची रचना. क्रम सफाईदार आणि साफ चुकीचा. आरएफसी हा दिसायला अस्सल कागद, पण येथे तो पुष्कळदा बखरीसारखा वागतो : घटना घडून गेल्यावर, निकाल ठाऊक असताना लिहिलेला. समकालीन कागद म्हणजे मुदत संपलेले मसुदे, उत्पादनांच्या आवृत्त्या आणि प्रत्यक्ष चाललेला कोड. एसएसडीपीचा मसुदा मेला, पण कोट्यवधी यंत्रांत तो चालत राहिला. त्याची नोंद आरएफसींच्या यादीत शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

१९/ दिरंगाईचे समर्थनही केले जाते : वेळ लागला म्हणून मानक घट्ट झाले. अंशतः खरे आहे. पण त्या दशकात उपकरण बनवणाऱ्यांना एकाच कामासाठी दोन-तीन प्रोटोकॉल एका पेटीत भरावे लागले, आणि त्यांतला प्रत्येक पुढे कुणाच्या तरी जाळ्याचे उघडे दार ठरला. चालता कोड आणि ढोबळ एकमत यांवर ज्या संस्थेची उभारणी, तिच्यापुढे चालता कोड २००२ पासून होता. शिक्का मारायचा नसेल तर तसे वेळीच सांगायला हवे होते. दोन्ही न करणे हे आयईटीएफचे अपयशच म्हणावे लागेल.

२०/ आता तिसरा प्रश्न, विश्वासाचा. या सर्व रचनांनी एक गोष्ट गृहीत धरली : जो घरात आहे तो घरचा आहे. विंडोज एक्सपी बाजारात येऊन दोन महिने होत नाहीत तोच, डिसेंबर २००१ मध्ये, त्याच्या यूपीएनपी सेवेत गंभीर छिद्र सापडले. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड-सेव्हन या सुरक्षा-कंपनीने इंटरनेटवरून विचारणा केली तेव्हा ८ कोटी १० लाखांहून अधिक पत्त्यांवरून यूपीएनपीची उत्तरे आली. घरातल्या घरात द्यायची उत्तरे साऱ्या जगाला. एसएलपीही सुटली नाही : २०२३ मध्ये असे दिसून आले की उघड्या एसएलपी सर्व्हरला एक लहान संदेश पाठवून त्याच्या सुमारे २,२०० पटीपर्यंतचे उत्तर तिसऱ्याच कुणावर फेकता येते.

२१/ बाँजूरच्या वाट्याला आलेली अडचण वेगळी, अधिक हळुवार. तिची दवंडी माणसाचे नाव पुकारते. लॅपटॉप आणि फोन यांना मालकाचे नाव आपोआप मिळते, आणि विमानतळावरच्या वायफायला जोडले की ते नाव सगळ्या अनोळखी यंत्रांना ऐकू जाते. आयईटीएफने सेवाशोधातील खासगीपणाच्या अपेक्षा स्वतंत्र दस्तऐवजात मांडल्या, आरएफसी ८८८२, त्या सप्टेंबर २०२० मध्ये. त्याच महिन्यात आयओएस १४ आली आणि स्थानिक जाळ्यावरील उपकरणे शोधण्यापूर्वी ॲपने परवानगी मागावी असा नियम झाला. ज्या कंपनीने खोलीभर दवंडी पिटण्याची रीत रुळवली, तिनेच दवंडीवाल्याच्या हाती परवाना दिला. बहुतेक लोक ती चौकट न वाचता ‘होय’ दाबतात, हा भाग निराळा.

२२/ बडबडीची जुनी तक्रारही परतली. वायफायवर मल्टिकास्ट संदेश अत्यंत संथ वेगाने पाठवावे लागतात, म्हणजे ते हवेतला वेळ अधिक खातात. आणि ही दवंडी राउटर ओलांडत नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याच्या फोनला वर्गातला प्रक्षेपक दिसेना. २०१२ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांच्या जाळे-व्यवस्थापकांनी ॲपलला याबद्दल जाहीर साकडे घातले. त्यावर आयईटीएफचे एक उत्तर जून २०२० मध्ये आले, आरएफसी ८७६६ : एका खोलीची दवंडी ऐकून दुसऱ्या खोलीच्या प्रश्नांना सर्व्हरमार्फत उत्तर देणारा मध्यस्थ.

२३/ आणि शेवटी चावडी परत आली. घरातली छोटी संवेदक-यंत्रे, दाराची कुलुपे, तापमापके, बहुतांश वेळ झोपलेली असतात. बॅटरी वाचवायची तर जागे राहून दवंडीला उत्तर देणे त्यांना शक्य नाही. म्हणून थ्रेड या जाळ्यात यंत्र सीमेवरच्या राउटरकडे आपली सेवा ठरावीक मुदतीसाठी नोंदवते आणि झोपी जाते. कुणी विचारले तर राउटर त्याच्या वतीने उत्तर देतो. मुदत संपण्यापूर्वी नोंद नवी करायची, न केल्यास ती पुसली जाते. १९९७ च्या एसएलपीतला नोंदणी-कारभारी तो हाच, आता डीएनएसची भाषा बोलणारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मॅटर या घरगुती उपकरणांच्या मानकाचा थ्रेडवरचा सेवाशोध याच नोंदणीवर चालतो.

या नोंदणी-प्रोटोकॉलला आयईटीएफचा क्रमांक मिळाला, आरएफसी ९६६५, तो जून २०२५ मध्ये. घरांतली कुलुपे तोवर कित्येक वर्षे राउटरकडे नोंद करून झोपत होती.